नजर, तराजू आणि शिवार

पुणे–नाशिक रस्त्यालगतच्या कुरुळीच्या शिवारात आज कारखान्यांची आणि गोदामांची छपरे दूरवर पसरलेली दिसत असली, तरी गाव महसुली दप्तरातून उठलेले नाही, आणि जोवर ते तेथे आहे तोवर त्याचे पीक किती आले हे कोणीतरी ठरविणे ओघानेच आले. हा उद्योग पुणे जिल्ह्यात जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज अंमलदार प्रिंगलसाहेबाने जमिनीचे निव्वळ उत्पन्न हिशेबून सारा बसविला. सिद्धांत विलायती आणि निर्दोष, परंतु खालच्या अंमलदारांनी भरलेले आकडे इतके विपरीत, की रयत जमिनी टाकून चालती झाली आणि १८३५च्या सुमारास इंदापुरापासून गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांना जमाबंदीची घडी नव्याने बसवावी लागली.

पुढे पिकाचा अंदाज आण्यांत सांगणारी आणेवारी आली. पीक चार आण्यांच्या आत उतरले तर साऱ्याची वसुली तहकूब व्हावी, असा नियम होता. १९१८च्या खेडा सत्याग्रहातला सगळा तंटा पीक चार आण्यांच्या आत की बाहेर, एवढ्याच गोष्टीचा होता. आण्यांचे पैसे झाले, तरी पहिल्या अंदाजाचे ‘नजर पैसेवारी’ हे नाव टिकले, आणि पन्नास पैशांच्या आत आलेल्या गावास सवलती मिळत असल्याने त्या नजरेवर चहूकडून दाब येतो, हे सांगावयास नकोच.

नजरेऐवजी तराजू आणण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागते, त्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रगण्य होत. चाळीसच्या दशकात त्यांनी व पानसे यांनी पीक कापणी प्रयोगाची शास्त्रशुद्ध पद्धत रूढ केली: चिठ्ठीने गट नंबर काढावयाचा, शेतात पावले मोजून कोपरा ठरवावयाचा, दहा बाय पाच मीटरचा तुकडा दोरीने आखावयाचा, त्यातले पीक कापून, मळून, वजन करावयाचे आणि दाणे वाळल्यावर पुन्हा तोलावयाचे. अगदी लहान तुकडा घेतला तर कडेची ताटे आत ओढली जाऊन उतारा फुगतो, हा त्यांचा आक्षेप थेट संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या लहान तुकड्यांच्या पद्धतीवर होता.

तथापि या तराजूलाही एक मर्यादा आहे, आणि ती कुरुळीसारख्या गावी उघडी पडते. चिठ्ठीत निघालेल्या गटात ते पीक उभे नसेल, तर पुढचा गट घ्यावा असा प्रघात आहे. म्हणजे बाजरीच्या जागी गोदाम उभे राहिले, तर प्रयोग निमूटपणे पुढे सरकतो. हेक्टरी उतारा उत्तम निघतो, अहवालात प्रगती नोंदली जाते, आणि बाजरीखालचे क्षेत्र किती उरले हे त्या अहवालाला ठाऊकच नसते. उताऱ्यावरून शेतीची प्रकृती सांगणारे अहवाल मला म्हणूनच अपुरे वाटतात. क्षेत्राची नोंद गाव नमुना बारा या पीकनोंदवहीत होते, आणि ती वर्षानुवर्षे तलाठ्याच्या चावडीत बसून भरली गेल्याची कुरकूर सर्वत्र ऐकू येते.

याच नोंदीसाठी २०२१च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी सुरू झाली: खातेदाराने स्वतः बांधावर जाऊन मोबाइलने छायाचित्र घ्यावे आणि तलाठ्याने, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, दहा टक्के नोंदी पडताळाव्यात. मात्र जेथे खातेदार चाकणच्या कारखान्यात पाळीवर असतो आणि शेत दुसराच वाट्याने करीत असतो, तेथे छायाचित्र कोणी काढावयाचे, हे बहुधा बांधावर नव्हे, घरातच ठरते.