पदवी देशभर चालते, नोंदणी राज्यापुरतीच. सीमेपलीकडे येणाऱ्या नर्सना नव्या कायद्यातून काय मागता येईल?

नवागाम (सुरत) : सुरतच्या नवागाम, डिंडोली, उधना, लिंबायत या पट्ट्यात खान्देशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. कोणी कापडाच्या कामासाठी आले, कोणी लग्न होऊन आले. त्यांत नर्सिंग शिकलेल्या मुलीही आहेत.

समजा, धुळ्यात तीन वर्षांचे जीएनएम केलेली मुलगी लग्नानंतर नवागामला आली. तिच्याकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे, वॉर्डात काम केल्याचा अनुभव आहे. पण इथे नोकरी मागायला गेली की पहिला प्रश्न येतो, "गुजरातचं रजिस्ट्रेशन आहे का?" नसेल तर पक्क्या स्टाफ नर्सच्या जागेसाठी अडते आणि सरकारी भरतीचा अर्जही भरता येत नाही. कागद पूर्ण होईपर्यंत मिळेल ते काम मिळेल त्या पगारात करायचे, नाहीतर घरी बसायचे. हीच अडचण सुरतेत शिकून नंदुरबार-जळगावला जाणाऱ्या मुलीलाही येते.

घोळ नेमका कुठे आहे?

1 मे 1960 पर्यंत सुरत आणि धुळे एकाच मुंबई राज्यात होते. राज्ये वेगळी झाली आणि कायदेही वेगळे झाले. महाराष्ट्राने 1966 मध्ये परिचारिकांचा स्वतःचा कायदा केला, गुजरातने 1968 मध्ये. दोन्हीकडे वेगळी परिषद आणि वेगळी नोंदवही झाली. नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे, हे या मार्गावरच्या प्रत्येक प्रवाशाला माहीत आहे. तिथे प्लॅटफॉर्मवर चार पावले टाकली की राज्य बदलते. नर्सच्या कागदाला मात्र तेवढ्यासाठी दोन कार्यालये फिरावे लागते.

यात एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. शिक्षणाच्या बाबतीत कायदा त्यांच्या बाजूने आहे. भारतीय परिचर्या परिषद कायदा 1947 चा. त्याच्या कलम 11 नुसार मान्यताप्राप्त पात्रता कोणत्याही राज्याच्या नोंदवहीत नाव घालण्यासाठी पुरेशी धरली जाते. म्हणजे "तुमचे शिक्षण महाराष्ट्रातले, आम्हाला चालत नाही" असे गुजरात म्हणू शकत नाही. पण नाव किती दिवसांत घालायचे, दोन परिषदांनी आपसात माहिती कशी द्यायची, हे त्या कलमात नाही. म्हणून मूळ परिषदेची एनओसी, नोंदणीची पडताळणी, मग नव्या परिषदेत अर्ज आणि पुन्हा फी असा फेरा सुरू होतो. आडनाव बदलले असेल तर त्याचे कागद आणखी वेगळे.

2023 च्या कायद्याने काय बदलते?

नवा कायदा करण्यासाठी केंद्राने नोव्हेंबर 2020 मध्ये मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला होता. पुढे राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोग विधेयक 28 जुलै 2023 रोजी लोकसभेत आणि 8 ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झाले. 1947 च्या कायद्याची जागा घेण्यासाठी हा कायदा आहे. त्यात 29 सदस्यांचा राष्ट्रीय आयोग, त्याखाली तीन स्वायत्त मंडळे आणि राज्यांत राज्य आयोग अशी रचना आहे. नीतिमत्ता आणि नोंदणी मंडळाने देशभरातील नर्सची ऑनलाइन राष्ट्रीय नोंदवही ठेवायची आहे.

सीमाभागासाठी महत्त्वाचा शब्द पुढे येतो. राष्ट्रीय "किंवा" राज्य नोंदवहीत नाव असल्याशिवाय व्यवसाय करता येणार नाही, असे कायदा म्हणतो. मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. या "किंवा"चा अर्थ एकदा झालेली नोंद सगळीकडे चालेल असा व्यवहारात लागू झाला, तर नवागामच्या सुनेचा फेरा संपतो. पण राज्याराज्याची वेगळी नोंद पूर्वीसारखीच मागितली गेली, तर फक्त कार्यालयाची पाटी बदलेल. हे ठरणार आहे कायद्याखालच्या नियमांत आणि विनियमांत. नव्या आयोगांचे काम पूर्ण सुरू होईपर्यंत जुन्या परिषदांचीच पद्धत चालते.

राज्ये आपली नोंदवही का सोडत नाहीत?

राज्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. रुग्णाची तक्रार आली तर चौकशी कोणी करायची? एका राज्याने नाव काढून टाकलेली व्यक्ती दुसऱ्या राज्यात जाऊन कामाला लागली तर? शिवाय घटनेत व्यवसायांचा विषय समवर्ती सूचीत आणि रुग्णालये राज्य सूचीत आहेत. त्यामुळे केंद्राने एकतर्फी सगळे ठरवावे असेही होत नाही.

अमेरिकेत हाच पेच होता. तिथे काही राज्यांनी 2000 पासून आपसात करार केला. एका राज्याचा परवाना करारातल्या सर्व राज्यांत चालतो. नर्सने ज्या राज्यात रुग्णाची सेवा केली तिथला कायदा तिला लागू होतो आणि कारवाईची माहिती सर्वांना एकाच यंत्रणेत दिसते. प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाने तो करार स्वतः मंजूर करावा लागतो. त्यासाठी नर्सच्या संघटना आमदारांकडे वर्षानुवर्षे पाठपुरावा करतात. आज 40 हून अधिक राज्ये त्यात आहेत, पण कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क अजून बाहेर आहेत.

मागायचे काय आणि कोणाकडे?

आपल्याकडे 1908 पासून ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना काम करते, तिच्या राज्य शाखा आहेत. "नर्सना न्याय द्या" एवढ्यावर निवेदन संपले तर ते फाइलमध्ये राहते. सीमाभागातून चार नेमक्या मागण्या जाऊ शकतात :

• राज्य बदलताना एकच ऑनलाइन अर्ज. पडताळणी दोन्ही राज्यांनी आपसात करावी.
• त्यासाठी ठरावीक दिवसांची मुदत.
• अर्ज प्रलंबित असताना मूळ नोंदणीवर काम करण्याची तात्पुरती परवानगी.
• कारवाईची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत लगेच दिसावी, म्हणजे राज्यांची भीतीही दूर होईल.

पहिल्या आणि शेवटच्या मागणीसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालय आणि आपला खासदार. मुदत आणि तात्पुरती परवानगी यांसाठी राज्याचे आरोग्य खाते आणि आमदार, तेही दोन्ही राज्यांतले. नियमांचे मसुदे हरकती-सूचनांसाठी येतात तेव्हा संघटनेच्या लेटरहेडवर वेळेत लेखी म्हणणे पाठवणे सर्वांत उपयोगाचे.

तोपर्यंत ही काळजी घ्या

मूळ राज्यातली नोंदणी रद्द होऊ देऊ नका, नूतनीकरण वेळेत करा. भारतीय परिचर्या परिषदेच्या नर्स नोंदणी आणि ट्रॅकिंग प्रणालीत आपला एनयूआयडी क्रमांक काढून ठेवा. लग्न ठरले किंवा बदली निघाली की गाव सोडण्याआधीच एनओसीचा अर्ज करा. जुन्या दवाखान्याचे अनुभवपत्र तारखांसह घ्या. आडनाव बदलणार असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आधी काढा, कारण पुढच्या प्रत्येक टेबलावर तोच मागतात.