चिकाहॉमिनी: राजाविना नांदणारी जमात

1607 सालच्या हिवाळ्याच्या तोंडावर व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनमध्ये इंग्रजांचे अन्नावाचून हाल चालले होते. अमेरिकेतली त्यांची ही पहिली टिकलेली वसाहत, पण काही महिन्यांतच तिथली जवळपास निम्मी माणसं दगावली होती. कॅप्टन जॉन स्मिथ मक्याच्या शोधात निघाला आणि होडी घेऊन चिकाहॉमिनी नदीत शिरला. सायप्रस झाडांच्या दलदलीतून वाट काढत ही नदी जेम्स नदीला मिळते. तिच्या काठच्या गावांनी तांबं आणि कुऱ्हाडींच्या बदल्यात त्याला मका दिला, तोही होडी भरभरून.

हे गावकरी म्हणजे चिकाहॉमिनी. त्यांच्याबद्दल वाचताना मी सगळ्यात जास्त थबकले ती त्यांच्या कारभारापाशी. आजूबाजूच्या तीसेक जमाती पोव्हाटन या बलाढ्य अधिपतीच्या अमलाखाली होत्या. पोकाहॉन्टस ही त्याचीच मुलगी. भाषा, शेती, शिकार, सगळं चिकाहॉमिनींचंही तसंच. पण त्याच्या मुलखाच्या ऐन मध्यात राहून त्यांनी त्याचा सरदार मात्र आपल्यावर बसू दिला नाही. त्यांचा कारभार आठ वडीलधारी मिळून बघत.

पुढे 1614 मध्ये पोकाहॉन्टसचं एका इंग्रजाशी लग्न झालं, पोव्हाटन आणि इंग्रज यांच्यात तह झाला, तेव्हा हे आठ जण सावध झाले. दोन बलाढ्य शेजारी एक झाले तर आपलं काय? त्यांनी स्वतःच इंग्रजांकडे निरोप धाडला आणि वेगळा करार केला. स्पॅनिश चालून आले तर 300 तिरंदाज द्यायचे, दर सुगीला प्रत्येक लढवय्यामागे ठरलेला मका द्यायचा आणि त्याबदली लोखंडी कुऱ्हाडी घ्यायच्या. आठही वडीलधाऱ्यांना दरसाल एक तांबडा कोट मिळणार होता, आणि गळ्यात घालायला साखळीत ओवलेली, राजा जेम्सची छबी असलेली तांब्याची चकती. राजा मान्य केला, पण समुद्रापलीकडचा! घराजवळच्या अधिपतीला दूर ठेवण्याची ही युक्ती मला फार धोरणी वाटते.

ती टिकली नाही. दोनच वर्षांत मक्यावरून बिनसलं आणि इंग्रजांनी गोळ्या झाडल्या. नंतर युद्धं झाली, 1646 च्या तहाने चिकाहॉमिनींना दूर पामंकी नेक भागात हलवलं, आणि 1718 पर्यंत तिथूनही हुसकावलं. मग कुटुंबं हळूहळू आपल्या जुन्या नदीजवळ, चार्ल्स सिटी आणि न्यू केंट या काउंट्यांमध्ये परतली. त्यांनी जमिनी विकत घेतल्या, 1901 मध्ये स्वतःचं बाप्टिस्ट चर्च उभारलं, आणि त्याच्या जोडीला शाळा.

विसाव्या शतकातला घाव कारकुनी होता. 1924 मध्ये व्हर्जिनियाने वंशशुद्धीचा कायदा केला: माणूस एक तर गोरा, नाहीतर ‘कलर्ड’. ज्यांच्यात सोळाव्या हिश्शापर्यंतच इंडियन, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं, रक्त होतं त्यांना गोरं राहण्याची सवलत मिळाली, कारण पोकाहॉन्टसचे वंशज म्हणवून घेणं हा तिथल्या खानदानी गोऱ्यांचा अभिमान होता. जिवंत जमातींना मात्र त्या कायद्यात जागा नव्हती. जन्ममृत्यू नोंदणी खात्याचा प्रमुख वॉल्टर प्लेकर याने 1946 पर्यंत दाखल्यांवरून ‘इंडियन’ हा शब्द खोडण्याचा ध्यास घेतला. संशयित आडनावांच्या याद्या त्याने काउंटीकाउंटीत पाठवल्या. जमातीचे नंतरचे प्रमुख स्टीफन अॅडकिन्स यांच्या आईवडिलांनी 1935 मध्ये व्हर्जिनियाबाहेर वॉशिंग्टन गाठून लग्न केलं, ते केवळ दाखल्यावर ‘इंडियन’ लिहिलं जावं म्हणून. शिक्षणातही अडवणूक होतीच: आठवीपुढे शिकायचं तर मुलांना पार ओक्लाहोमातल्या बेकोनच्या शाळेत जावं लागे.

याचे पडसाद फार लांबवर उमटले. अमेरिकी सरकारची मान्यता हवी तर कागद दाखवा. आणि कागद तर सरकारी हातांनीच बिघडवलेले. त्यात चिकाहॉमिनींचे तह झाले होते इंग्लंडच्या राजसत्तेशी, अमेरिका जन्मायच्याही आधी, त्यामुळे वॉशिंग्टनशी केलेला एकही तह त्यांच्याजवळ नव्हता. इंग्रजांना सगळ्यांत आधी भेटलेल्यांपैकी ही जमात, आणि मान्यतेच्या रांगेत मात्र शेवटाकडे! हा अन्याय मला थक्क करतो. व्हर्जिनिया राज्याने 1983 मध्ये मान्यता दिली. 1997 च्या कायद्याने जन्मदाखले विनाशुल्क दुरुस्त करून मिळू लागले. संघराज्याची मान्यता संसदेच्या खास कायद्याने, जानेवारी 2018 मध्ये आली. त्यात सहा जमाती होत्या, आणि 1925 च्या सुमारास वेगळी झालेली पूर्व चिकाहॉमिनी शाखाही त्यांतलीच एक.

आज बरेचसे चिकाहॉमिनी चार्ल्स सिटी काउंटीत, एकमेकांपासून काही मैलांच्या आतच राहतात. नदीकाठची पूर्वजांची जमीन जमात पुन्हा विकत घेते आहे. दर वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्या मैदानावर शरद उत्सव आणि पॉववॉव भरतो: ढोल, गाणी आणि फेर धरून नाच. तो सगळ्यांना खुला असतो.