गोचीड, जंत आणि गुरांचा वंशगुण

एकाच कुरणात, एकाच पाण्यावर आणि एकाच ऋतूत चरणाऱ्या दोन गुरांपैकी एकाच्या मानेखाली, कासेभोवती व मांड्यांच्या आतल्या अंगास गोचिडींचे घोस लोंबत असावेत आणि दुसऱ्याच्या अंगावर त्या शोधाव्या लागाव्यात, हा अनुभव गुरे पाळणाऱ्यांना नवा नाही. या भेदाचा शास्त्रीय शोध मात्र बराच उशिरा सुरू झाला, आणि तोही मुख्यतः अशा देशात की जेथे मुळात गायबैल नव्हतेच. तो देश म्हणजे ऑस्ट्रेलिया.

ऑस्ट्रेलियात युरोपीय वसाहतवाल्यांनी आपल्याबरोबर हेरफर्ड, शॉर्टहॉर्न अशी ब्रिटिश मांसल जातीची गुरे नेली. १८७२ मध्ये इंडोनेशियातून डार्विन बंदरात उतरलेल्या गुरांच्या अंगावरून गोचीड त्या भूमीवर आली, असे सामान्यतः मानले जाते. १८९० नंतरच्या दशकात ती क्वीन्सलंडमध्ये पसरली आणि कळपच्या कळप तापाने दगावले. गोचीड केवळ रक्त पीत नाही. ती बाबेसिया नावाचे सूक्ष्म परोपजीवी गुराच्या रक्तात सोडते. हा संबंध अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनी टेक्सास-तापाच्या अभ्यासातून १८९३ मध्ये सिद्ध केला होता. कीटकवर्गाशी नाते असलेल्या एखाद्या प्राण्यामार्फत रोग पसरतो, हे दाखविणाऱ्या अगदी पहिल्या संशोधनांपैकी ते एक होय.

उपाय म्हणून सोमलाच्या पाण्याने भरलेल्या लांबट हौदांतून गुरे पोहत नेण्याची पद्धत रूढ झाली. काही दशके ती चालली. मग सोमलाला न जुमानणाऱ्या गोचिडी निपजल्या, पुढे डी. डी. टी. आले, त्याचीही तीच गत झाली. त्यानंतरच्या फॉस्फरसयुक्त औषधांनाही १९६० नंतर त्या सरावल्या. औषध बदलावे आणि गोचिडीने त्यावर मात करावी, असा हा पाठशिवणीचा खेळ होता. तेव्हा औषधाऐवजी गुराकडेच पाहावे, ही दृष्टी बळावली.

तिचा पाया १९३३ मध्येच घातला गेला होता. त्या वर्षी अमेरिकेतून वशिंड असलेली ‘ब्राह्मन’ गुरे क्वीन्सलंडमध्ये आणण्यात आली. या जातीचे नाव जरी अमेरिकेत पडले, तरी तिचे रक्त आपल्याकडचे आहे. गीर, काँकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठची गुरे यांच्या संकरातून ती अमेरिकेत घडली. कृष्णा-वारणेच्या काळ्या चिकण रानात नांगर ओढणाऱ्या बैलांचे वंशज टेक्सासमार्गे ऑस्ट्रेलियात पोहोचावेत आणि आपल्या मायभूमीत मात्र ती जात विरळ होत जावी, हा योगायोग मनाला चुटपुट लावून जातो.

या वशिंडधारी गुरांत असे काय असते? प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. जन्मल्यापासून त्यांच्या अंगाला गोचीड चिकटतच नाही, असे नव्हे. पूर्वी कधीच गोचीड न लागलेली भारतीय वंशाची व युरोपीय वंशाची वासरे एकत्र तपासली, तर पहिल्या खेपेस दोघांत फारसा फरक दिसत नाही. फरक पडतो तो पुढच्या खेपांना. भारतीय वंशाचे वासरू हा धडा लवकर आणि पक्का गिरवते. युरोपीय वासरू पुष्कळदा अर्धवटच. गोचिडीची लाळ त्वचेत शिरताच प्रतिकारक्षम गुराच्या त्वचेत तीव्र प्रतिक्रिया उमटते, कंड सुटते, गुरू तेथे चाटू लागते, आणि बहुतेक पिल्ले पहिल्या एक-दोन दिवसांतच गळून जातात. गुराला स्वतःचे अंग चाटता येऊ नये अशी व्यवस्था करून प्रयोग केले, तेव्हा गोचिडींची संख्या वाढलेली दिसली. आखूड, तुकतुकीत केसांचाही उपयोग होतो. पण मुख्य कार्य त्वचेच्या व रक्तातील संरक्षक यंत्रणेचे आहे.

ही शक्ती मोजण्याची रीत साधी आहे. गुरावर सुमारे २०,००० पिल्ले सोडावयाची. या जातीची गोचीड पिल्लावस्थेपासून प्रौढ होईपर्यंत एकाच गुरावर राहते आणि सुमारे तीन आठवड्यांनी रक्ताने टरटरून फुगलेली मादी खाली पडते. निम्मी पिल्ले माद्यांची धरली, तर शेवटपर्यंत किती टिकल्या हे मोजून गुराची प्रतिकारशक्ती टक्क्यांत सांगता येते. ९८ टक्क्यांच्या वर ती उच्च, ९० च्या खाली अतिशय कमी समजतात. कागदावर ९९ आणि ९० हे आकडे जवळजवळचे वाटतात. परंतु १०,००० माद्यांपैकी पहिल्या गुरावर १०० उरतात, दुसऱ्यावर १,०००. प्रत्येक मादी दोन-तीन हजार अंडी घालते. म्हणजे एक गुरू कुरणात दोन-तीन लाख अंडी सोडते, दुसरे वीस-तीस लाख. शिवाय पूर्ण फुगलेल्या प्रत्येक मादीमागे गुराच्या वजनवाढीत सुमारे एक ग्रॅमची तूट येते. म्हणून प्रतिकारक्षम गुरू स्वतःलाच नव्हे, तर शेजारी चरणाऱ्या गुरालाही वाचविते.

जंतांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. जठरातील व आतड्यातील जंतांचा अदमास शेणाच्या एका ग्रॅममधील अंड्यांवरून घेतात, आणि ब्राह्मन व तिच्या संकरांत ही संख्या सामान्यतः ब्रिटिश जातींपेक्षा कमी आढळते. पण येथे दोन गुण वेगळे ओळखले पाहिजेत. परोपजीवीला अंगात वाढूच न देणे हा रोधकतेचा गुण. तो अंगात असूनही खंगून न जाणे हा सहनशीलतेचा. पश्चिम आफ्रिकेतील वशिंड नसलेली एन्दामा ही लहानखुरी जात त्सेत्से माशीने पसरणाऱ्या रक्तपरोपजीवीचा उपद्रव असलेल्या प्रदेशातही तग धरते, कारण संसर्ग झाला तरी तिचे रक्त फारसे क्षीण होत नाही.

क्वीन्सलंडमधील रॉकहॅम्प्टनजवळ बेल्मॉन्ट येथे अनेक दशके चाललेल्या संशोधनातून निघालेला एक निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो. फ्रिश आणि व्हर्को या संशोधकांनी गुरे परोपजीवी व उष्णतेपासून दूर, भरपूर चाऱ्यावर ठेवली, तेव्हा ब्रिटिश जाती ब्राह्मनपेक्षा अधिक वेगाने वाढल्या. तीच गुरे उघड्या रानात सोडली, की क्रम उलटला. वाढीची अंगभूत क्षमता आणि ती क्षमता हिरावून घेणाऱ्या त्रासांना तोंड देण्याची शक्ती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्यक्ष वजन दोहोंच्या मेळातून ठरते. अमुक जात श्रेष्ठ, हे विधान कोठे आणि कोणत्या सांभाळात हे सांगितल्याशिवाय अपुरेच राहते. संकरित गुरे तेथे सरस ठरली ती यामुळेच. ब्राह्मनचे दोषही झाकून ठेवण्याचे कारण नाही: तिचे मांस तुलनेने चिवट असते आणि वेताची नियमितता कमी.

शिवाय जात म्हणजे सर्व काही नव्हे. हेरफर्ड-शॉर्टहॉर्न संकराच्या एका कळपात केवळ निवडीने गोचिडीला दाद न देणारी ‘अडॅप्टॉर’ ही वाण तयार झाली, तीही भारतीय रक्ताचा थेंब न घालता. एकाच जातीतील गुरांमधल्या फरकाचा सुमारे तिसरा हिस्सा अनुवंशाने उतरतो, असे अनेक अभ्यासांतून दिसते. निवडीला वाव देण्यास एवढे पुरेसे आहे. उरलेला भाग वय, आहार, ऋतू, गाभणपण, दूध यांवर अवलंबून असतो. उपाशी गुराची शक्ती सर्वांत आधी ढासळते.

आपल्याकडे हा विषय मांसासाठी नव्हे, तर दुधासाठी महत्त्वाचा आहे. जर्सी व होल्स्टीन वळूंशी संकर मोठ्या प्रमाणावर सुरू झाल्यावर गोठ्यांत दूध वाढले, आणि त्याबरोबर थायलेरियाचा तापही अधिक जाणवू लागला. हा रोग दुसऱ्या जातीच्या गोचिडीमुळे पसरतो. देशी गाय तो पुष्कळदा अंगावर काढते. संकरित कालवड मात्र दोन-चार दिवसांत आडवी होते. त्यावर लस आहे, औषध आहे, पण दोन्ही खर्चिक, आणि लस थंडीतच सांभाळावी लागते. दुधाचे लिटर मोजणाऱ्या आपल्या नोंदवह्यांत गाय कितीदा आजारी पडली, तिच्या अंगावर किती गोचिडी होत्या, यासाठी रकाना क्वचितच असतो. वळू निवडताना मग तो गुण पाहावयाचा कशावरून?