नित्याचे मोह आणि प्रामाणिक संशय

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिणेस लाखांदूर हा धानाचा मुलूख आहे. पावसाळ्यात येथील शेतकरी सकाळी उठून धुऱ्यावरून एक फेरी मारतो. त्याला धास्ती केवळ महापुराची नसते. खेकड्याने पोखरलेल्या बोटभर बिळाचीही असते. कारण त्या बिळातून रात्रभर पाणी झिरपले तर रोवलेली बांधी उजाडता कोरडी पडते. बीळ दिसताच तो चिखलाचा गोळा दाबून ते बुजवितो. काम क्षुल्लक खरे, पण ते रोज करावे लागते आणि दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

ख्रिस्ती जीवनातील मोहाचे स्वरूप बहुतांशी असेच असते. खून, दरोडा, व्यभिचार यांच्या वाटेला सामान्य भाविक सहसा जात नाही. त्याची श्रद्धा झिरपून जाते ती लहान छिद्रांतून: मापात केलेली किंचित कसर, शेजाऱ्याच्या उत्कर्षाने मनात उठलेली कळ, घरच्या माणसांवर काढलेला बाहेरचा राग, ‘आज थकवा आहे’ म्हणून टाळलेली प्रार्थना. यांपैकी एकही गोष्ट भयंकर वाटत नाही, आणि हीच तिची खरी शक्ती होय.

शुभवर्तमानातील मोहाची कथा या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर येशूपुढे पहिली सूचना आली ती दगडाच्या भाकरी करण्याची. भुकेल्याने भाकर इच्छावी यात वरकरणी पाप ते कोणते? मोह सज्जनाकडे येतो तो असा गरजेचे रूप घेऊन. दुसरी लक्षणीय गोष्ट अशी की, येशूने तिन्ही वेळा दिलेली उत्तरे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातील आहेत. ती त्या क्षणी शोधावी लागली नाहीत. मनात आधीच साठविलेली होती. लूक तर पुढे असेही नोंदवितो की, सैतान गेला तो संधी मिळेपर्यंतच. एकदा मिळविलेला जय कायमचा पुरत नाही, हे त्या एका नोंदीवरून उघड होते.

या सत्याची साक्ष महाराष्ट्रातील एका विख्यात दांपत्याच्या चरित्रात मिळते. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा लोहमार्ग पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यातून जातो. त्यातील गोंदियाकडील भाग १९९९ साली वेगळा जिल्हा झाला. याच मार्गावरील प्रवासात, १८९३ च्या सुमारास, कवी नारायण वामन टिळक यांना एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथेच खिळून राहिले. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आप्त, जात आणि मानमरातब यांवर पाणी सोडण्याचे धैर्य त्यांनी एका निश्चयात दाखविले. परंतु लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली, तीत याच महापुरुषाचा तापट स्वभाव, त्याचा लगेच ओसरणारा राग आणि घरखर्चाचा विचार न करता पैसा देऊन टाकण्याची वृत्ती यांचे मोकळे चित्र आहे. सर्वस्वाचा त्याग एका दिवसात होऊ शकतो. रागाचा त्याग मात्र नित्य नव्याने करावा लागतो.

मोहाप्रमाणेच संशयाचाही विचार केला पाहिजे. पुष्कळ भाविक संशयाला पाप समजून मनात दडपून ठेवतात. आणि दडपलेला संशय आतल्या आत कुजतो. लक्ष्मीबाईंची रीत याहून वेगळी होती. पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही सोवळेओवळे त्यांनी सोडले नव्हते. जातिभेद देवाने केला की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. तो माणसांनीच केला असे अंतःकरणाला पटताच कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निर्धार त्यांनी केला. बाप्तिस्मा मागाहून, १९०० साली झाला. पतीच्या आग्रहासाठी त्यांनी नुसती मान डोलावली असती, तर त्या श्रद्धेला मूळ धरता आले नसते.

पंडिता रमाबाईंचा मार्ग आणखी खडतर. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावरही त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयीच्या शंका त्यांनी आपल्या धर्मगुरुभगिनींपुढे पत्रांतून निर्भीडपणे मांडल्या. तेथील मंडळींना त्यांचा हा स्वतंत्र बाणा रुचला नाही. पण शंका विचारणाऱ्या रमाबाई हात जोडून स्वस्थ बसल्या नाहीत. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले; १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातील निराधार मुलींना आश्रय दिला. त्या काळी भंडारा जिल्हा याच प्रांतात मोडत असे. उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ज्या ग्रंथाविषयी प्रश्न पडले, त्याच्या मुळाशी जाण्याचे कष्ट त्यांनी उपसले.

येथे दोन प्रकारचे संशय ओळखावे लागतात. एक संशय उत्तराचा शोध घेतो. दुसरा कर्तव्यातून सुटका शोधतो. ‘देव दुःख का देतो?’ हा प्रश्न आजाऱ्याच्या उशाशी बसून विचारणारा आणि तोच प्रश्न पुढे करून आजाऱ्याकडे जाण्याचे टाळणारा, यांचे शब्द एकच असले तरी वृत्ती भिन्न असते. पहिल्याला शुभवर्तमानात थारा आहे. मार्कच्या वृत्तांतातील आजारी मुलाचा बाप आपला विश्वास आणि आपला अविश्वास दोन्ही एकाच श्वासात येशूपुढे ठेवतो. त्याला कोणी हाकलून देत नाही, आणि मुलगा बरा होतो.

मग नित्याच्या झगड्यात साधने कोणती? ती साधी आहेत. शास्त्रातील थोडाच भाग, पण दररोज वाचून मुखोद्गत करावा, म्हणजे प्रसंगी उत्तर शोधत बसावे लागत नाही. कोणत्या वेळी आणि कोणत्या संगतीत आपले पाऊल घसरते हे ओळखून तेथे आधीच सावध असावे. मनातील शंका एखाद्या विश्वासू वडीलधाऱ्या माणसाजवळ उघड करावी. उत्तर मिळेपर्यंत जे कर्तव्य निःसंशय आहे ते सोडू नये: भुकेल्याला अन्न, बोललेल्या शब्दाचे पालन, दुखावलेल्याची क्षमायाचना. आणि पाऊल घसरलेच, तर निराशेत दिवस दवडू नये. कारण ‘आता सारेच संपले’ हा विचारदेखील एक मोहच आहे, आणि पहिल्या चुकीहून तो अधिक घातक ठरतो.

मोठ्या परीक्षेचा दिवस आयुष्यात क्वचितच उगवतो. त्या दिवशी मनुष्य कसा वागेल, हे मात्र ज्यांची कोठे नोंदही होत नाही अशा मागील शेकडो साध्या दिवसांनी ठरविलेले असते.