गाडी मुकी का झाली?

ए दोस्त, दिल्लीच्या रस्त्यावर ट्रकच्या पाठीवर काय लिहिलेलं असतं? 'हॉर्न प्लीज'! पण समज, आयटीओच्या चौकात बाबांनी हॉर्न दाबला आणि... काहीच नाही! गाडी मुकी! आता?

आधी ओळख बघू, हॉर्न असतो कुठे? स्टिअरिंगमध्ये? छे! तिथे नुसतं बटण. खरा हॉर्न पुढे, जाळीच्या मागे बसलेला असतो. त्याच्या पोटात असतो एक पातळ पोलादी पडदा आणि एक चुंबक. हे चुंबक भारी लहरी! वीज मिळाली तरच ओढणार.

बटण दाबलं की चुंबक पडद्याला ओढतं. आणि गंमत ऐक! ओढला जाताच पडदा स्वतःच विजेची जोडणी तोडतो! वीज गेली, चुंबक सुस्त, पडदा परत जागेवर. मग जोडणी जुळते, पुन्हा वीज, पुन्हा ओढ! एका सेकंदात हे किती वेळा होत असेल? दहा? पन्नास? अंहं! सुमारे 400 वेळा! पडदा थरथरतो, हवा थरथरते, आणि तुझ्या कानात पोंऽऽ!

आता बिघाड शोधायचा. वीज म्हणजे आपली मेट्रो समज. बॅटरीहून निघाली, फ्यूज, रिले, हॉर्न अशी स्टेशनं घेत परत बॅटरीला. अडली कुठे?

बटण दाब आणि कान दे. बॉनेटखालून किंवा डॅशबोर्डमागून बारीकसं 'टक्' आलं? तो रिले! बटणाची चिमुकली वीज त्याला जागं करते आणि तो हॉर्नला मोठी वीज सोडतो. 'टक्' आलं तर संशय हॉर्नवर आणि त्याच्या तारांवर. नाही आलं तर फ्यूज, रिले किंवा बटण. फ्यूज उडालाय का हे तर नुसतं बघून कळतं. आतली पट्टी वितळून तुटलेली असते! नवा बसवायचा तो तेवढ्याच अँपिअरचा.

आणि वीज परत कशी जाते? त्यासाठी बॅटरीपर्यंत वेगळी तारच नसते! गाडीचा लोखंडी सांगाडाच तार! आहे ना कमाल? पण पावसाळ्यात मिंटो पुलाखालच्या तळ्यातून गाडी गेली, सांगाड्याशी जोडणाऱ्या बोल्टला गंज चढला, की परतीची वाट बंद. मेकॅनिककाका पॉलिशपेपरने गंज घासतात आणि हॉर्न पुन्हा बोलतो! हॉर्नच गेला असेल, तर नवा काश्मिरी गेटच्या बाजारात मिळतो.

स्टिअरिंग मात्र मोठ्यांनीही घरी उघडायचं नाही हं. तिथे एअरबॅग असते. ते काम गॅरेजचंच.

दुरुस्त झाला की वाजवून बघायचाच! फक्त शाळा, रुग्णालय किंवा न्यायालय जवळ नाही ना, ते आधी बघ. त्यांच्याभोवती शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं आणि तिथे हॉर्न वाजवायला बंदी असते.