दोष आकाशाचा की उन्हाळ्याचा?

तंजावरचा मे महिना म्हणजे पारा चाळिशीच्या आसपास. अशात माळ्यावर किंवा बंद कपाटात चोवीस तास चालणाऱ्या घरगुती सर्व्हरच्या लिनक्स लॉगमध्ये ‘हार्डवेअर एरर’ अशी ओळ एकदा उमटली, तर घाबरायचं कारण नाही. तीच ओळ दर दोन-तीन दिवसांनी उमटू लागली, की मात्र दुर्लक्ष महागात पडतं.

या नोंदीला ‘मशीन चेक’ म्हणतात. तिच्यात कोरचा क्रमांक असतो, प्रोसेसरच्या कुठल्या भागानं तक्रार केली ते सांगणारा बँक क्रमांक असतो आणि हेक्साडेसिमल पद्धतीतला सोळा अक्षरी आकडा असतो. बहुतेकजण तो आकडा पाहूनच लॉग बंद करतात. खरं तर अर्धं निदान त्यातच असतं. पहिलं अक्षर ८ किंवा ९ असेल, तर चूक पकडली गेली आणि दुरुस्तही झाली. सुरुवात ‘बीई’नं असेल, तर दुरुस्ती जमली नाही आणि प्रोसेसरची आतली स्थितीही भरवशाची उरलेली नाही. इंटेलच्या प्रोसेसरवर शेवटची चार अक्षरं ०४०० असली, तर तक्रार आतल्या टायमरची.

अशा वेळी वैश्विक किरणांवर बोट ठेवायची हौस अनेकांना असते. ते किरण खरेच आहेत. तमिळनाडूतच उटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ प्रयोग त्यांची मोजदाद करतो. २२ जून २०१५च्या सौर वादळात तिथे सुमारे दोन तास म्युऑन कणांची वाढ टिपली गेली. एखादा कण मेमरीतला बिट उलटवू शकतो. पण तोच कोर, तीच बँक पुन्हा पुन्हा गाठण्याइतका नेम आकाशाकडे नाही.

म्हणून आधी जमिनीवर शोधावं. एकच कोर सतत तक्रार करत असेल, तर संशय प्रोसेसरवर. कोर बदलत असतील, तर वाळलेली थर्मल पेस्ट, धुळीनं माखलेला पंखा, पॉवर सप्लाय आणि रॅम तपासायला घ्यावेत. ओव्हरक्लॉकिंग बंद करावं, मेमटेस्ट रात्रभर चालू द्यावी, बायॉस अद्ययावत करावा. एका वेळी एकच बदल. नाहीतर गुण कशानं आला हे कळतच नाही.

कधीकधी खोट कारखान्यातून आलेली असते. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होत होते. २०२४मध्ये कंपनीनं मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र आधीच बिघडलेली चिप त्या दुरुस्तीनं बरी होत नाही.

त्याहून वाईट म्हणजे मुकी चूक. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१मध्ये मांडलेल्या उदाहरणात एका सदोष कोरनं १.१चा ५३वा घात काढला. पूर्णांकात उत्तर १५६ यायला हवं होतं, आलं शून्य, आणि लॉगमध्ये चकार शब्द नाही. त्या मानानं बोलणारा प्रोसेसर बरा. दुकानात फोन लावण्याआधी कोर आणि बँक क्रमांक लिहून घ्या, बॅकअप घ्या आणि बिल शोधून ठेवा.