अ‍ॅझ्टेकांचा खजिना: हाडं आणि मका

देवनारच्या आमच्या सोसायटीतला एक कॉलेजचा मुलगा खजिना शोधण्याचा गेम बनवतोय. परवा वही घेऊन आला. "काका, अ‍ॅझ्टेकांवर आहे. जंगलात पिरॅमिड, खाली सोन्याने भरलेली खोली, वर रक्ताला चटावलेले पुजारी आणि शेवटी २०१२ वालं जगबुडीचं कॅलेंडर." चित्रं सुरेख काढली होती. अ‍ॅझ्टेकांचं मात्र त्यात फारच थोडं होतं. चूक त्याची एकट्याची नाही. आपण पाहिलेल्या बहुतेक सिनेमांनी आणि गेमांनी हेच शिकवलंय.

पहिला घोळ जंगलाचा. घनदाट रानातले पिरॅमिड बहुतांशी माया लोकांचे. डोंगरमाथ्यावरचं माचू पिच्चू इंकांचं आणि तेही दूर पेरूमध्ये. ज्यांना आपण अ‍ॅझ्टेक म्हणतो ते स्वतःला मेशिका म्हणवत. परंपरेनुसार १३२५ मध्ये वसलेली त्यांची राजधानी तेनोच्तित्लान सुमारे २,२०० मीटर उंचीवरच्या तळ्यातल्या बेटावर होती. कालवे, बांधीव रस्ते, गजबजलेले बाजार असं ते महानगर होतं. आज त्याच जागी मेक्सिको सिटी आहे.

एवढ्या फरकाने काय बिघडतं? २०१७ च्या 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' या गेममध्ये होयसळांचं हळेबीड पश्चिम घाटातल्या दुर्गम डोंगरांत नेऊन ठेवलंय. खरं हळेबीड हासन जिल्ह्यातल्या पठारावरचं, एसटीने जाता येईल असं गाव आहे. ते पाहून आपल्याला जसं खटकतं, तसंच मेक्सिकोतल्या माणसाला माया-इंका-अ‍ॅझ्टेक खिचडी पाहून खटकतं. उलट २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' केला, तेव्हा पहाडी चित्रशैली आणि छायाबाहुल्यांतून गोष्टीलाच गेमचं रूप दिलं. मला या मुलाकडून तसं काही हवंय.

आता सोनं. मेशिकांच्या नाहुआत्ल भाषेत सोन्याला 'तेओक्वित्लात्ल' म्हणत, म्हणजे शब्दशः 'दैवी विष्ठा'. त्यांना सोन्याची किंमत नव्हती असं नाही. कारागीर त्याचे अप्रतिम दागिने घडवत. पण हिरवा जेड आणि केत्साल पक्ष्याची हिरवी पिसं त्याहून मोलाची मानली जात. बाजारात सुट्ट्या पैशांच्या जागी कोकोच्या बिया चालत. त्यांची त्लासोल्तेओत्ल नावाची देवी घाणीची आणि शुद्धीचीही होती: माणसाची पापं म्हणजे घाण, ती खाऊन ही देवी त्याला स्वच्छ करी. १९२७ पासून मुंबईचा कचरा झेलणारं डम्पिंग ग्राउंड ज्याच्या शेजारी आहे आणि जिथे त्या ढिगांतून कामाचं वेचून घरं चालवणारी माणसं राहतात, त्या देवनारच्या मुलाला ही देवी कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्याच्या गेममध्ये ती यायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

हरवलेलं सोनं अगदीच काल्पनिक नाही. ३० जून १५२० च्या रात्री स्पॅनिश सैनिक लुटीचं सोनं घेऊन शहरातून पळाले; त्यातले कित्येक कालव्यांत मेले. १९८१ मध्ये मेक्सिको सिटीत बांधकामाच्या खोदाईत जवळपास दोन किलोंची सोन्याची लगड सापडली. ती त्याच लुटीतली असल्याचं पुढे तपासणीतून दिसलं. पण ही लगड दागिने वितळवून ओतलेली आहे. तो खजिना घडवणाऱ्यांचा नाही, लुटणाऱ्यांचा.

मग मेशिकांच्या कथेत खजिन्याचा शोध नाही का? आहे, आणि फार देखणा आहे. चार सूर्य, म्हणजे चार युगं संपून गेलेली. पाचव्या युगासाठी माणसं घडवायची, तर आधीच्या माणसांची हाडं हवीत. ती पाताळात, मिक्त्लानमध्ये. केत्सालकोआत्ल हा देव ती आणायला उतरतो. मृत्यूदेव म्हणतो, हा शंख फुंकत माझ्या आसनाला चार प्रदक्षिणा घाल. शंख हातात घेतला, तर त्याला भोकच नाही! केत्सालकोआत्ल अळ्यांना बोलावतो, त्या शंख पोखरतात. मग मधमाश्या आत शिरतात आणि शंख घुमू लागतो. तो हाडं घेऊन निघतो, तेव्हा मृत्यूदेव वाटेत खड्डा खणवतो, लावे भर्रकन उडतात, देव दचकून पडतो, हाडं मोडतात. म्हणून माणसं लहानमोठी. ती हाडं एक देवी जेडच्या भांड्यात दळते, देव त्यावर आपलं रक्त शिंपडतात. गेमकाराला कोडं, सापळा, पाठलाग असं सगळं तयार मिळतं. दुसऱ्या कथेत हाच देव काळी मुंगी होऊन डोंगराच्या पोटातला मका बाहेर आणतो.

'रक्ताला चटावलेले पुजारी' इथेच नीट कळतात. नरबळी होत होते. २०१५ मध्ये राजधानीच्या जागी सापडलेला कवट्यांचा मनोरा त्याची साक्ष देतो. पण १४८७ च्या एका सोहळ्यात ८०,००० बळी दिल्याचा आकडा इतिहासकार मानत नाहीत. आणि बळी देण्यामागे देवांनी आधी रक्त दिलं, त्या ऋणाची फेड ही समजूत होती. ती गेममध्ये आली नाही तर समोर नुसते राक्षस उरतात. स्पॅनिश सेनापती कोर्तेसला परतलेला केत्सालकोआत्ल समजून मेशिका हरले, ही कथाही स्पॅनिश विजयानंतर काही दशकांनी रुजलेली.

२०१२ ची तारीख माया कालगणनेतली; तीही जगबुडीची नव्हे, एक मोठं चक्र पुरं होण्याची. १७९० मध्ये सापडलेल्या, मेशिकांच्या सुमारे २४ टनी सूर्यशिळेशी तिचा संबंध नाही. मेशिकांची खरी धास्ती दर ५२ वर्षांनी येई. घराघरांतली चूल विझवायची आणि टेकडीवरून कृत्तिका बघत बसायचं. मध्यरात्री कृत्तिका माथ्यावरून पुढे सरकल्या की नवा अग्नी पेटे आणि तिथून घरोघर जाई. शेवटचा सोहळा १५०७ चा.

नाहुआत्ल बोलणारे आजही मेक्सिकोत पंधरा लाखांहून अधिक आहेत. टोमॅटो, चॉकलेट हे शब्द त्यांच्या भाषेतून आले आणि घोलवडचा चिकूही नावासकट तिकडचाच. मुलाला मी तेवढंच सांगितलं की देवांची नावं त्या लोकांकडून ऐकून, नीट उच्चारून घे. त्याने सोन्याच्या खोलीचं पान फाडलं आणि कोऱ्या पानावर भोक नसलेला शंख काढायला घेतला.